नॅस चालू आहे पण सेंट्रल टूलमध्ये सारखा लाल दिसतोय? रिसेट मारायच्या आधी हे बघा

सोलापूरची अक्कलकोट रोड एमआयडीसी आणि चिंचोळी, गेली बरीच वर्षं माझी गाडी याच दोन टोकांमध्ये फिरते. टॉवेलची युनिटं, डाईंग हाऊस, सीझनला एक-दोन साखर कारखाने. प्रत्येक ठिकाणी एक नाहीतर दोन नॅसच्या पेट्या, म्हणजे नेटवर्कवरून सगळ्यांना फाइली देणाऱ्या डिस्कच्या पेट्या, त्यात लूमचा डेटा, डाईंगच्या रेसिप्या, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग, ईआरपीचा बॅकअप, आणि हेड ऑफिसला एक सर्व्हर ज्याच्यावर सेंट्रल कॉन्फिग टूल बसवलेलं. युजर, शेअर, स्नॅपशॉटचं (डेटाची त्या क्षणाची प्रत) टाइमटेबल, अलर्टचे मेल, सगळ्याचं एक टेम्प्लेट करायचं आणि तिथूनच सगळ्या पेट्यांना ढकलायचं, म्हणजे पासवर्ड बदलायला चिंचोळीपर्यंत पेट्रोल जाळायला नको. सोय झकास आहे, पण महिन्यातून एकदा तरी फोन येतोच की "साहेब, टूलमध्ये पेटी लाल झाली". फॉल्ट तोच आणि कारणं पण तीच, मला फोनवर तेच तेच सांगायचा कंटाळा आलाय म्हणून एकदा सगळं लिहून टाकतो.

लक्षणं आधी, म्हणजे तुमचा प्रकार हाच आहे का ते कळेल.

टूलच्या यादीत पेटी लाल नाहीतर राखाडी, 'शेवटचा संपर्क' रात्री अडीचला अडकलेला, आणि खाली डाईंग मास्टर मात्र आरामात रेसिपी उघडतोय, कोणाची काही तक्रार नाही. किंवा पेटी हिरवी आहे पण टेम्प्लेट ढकललं की अर्ध्यात फेल, कधी 'टाइम आउट' म्हणतं कधी 'ऑथेंटिकेशन फेल'. तिसरा प्रकार डोकं खाणारा आहे, 'कॉन्फिग जुळत नाही' येतं, तुम्ही सिंक मारता, हिरवं होतं, खूश होऊन घरी जाता आणि सकाळी परत तेच. आणि एक लक्षण कोणी बघतच नाही, पेटीच्या लॉगमधली तारीख, तिथं १९७० नाहीतर कधीतरी दोन हजार अमुक साल दिसत असतं. हे सगळं बहुतेक करून लाईट जाऊन आल्यावर, सुट्टीनंतरच्या पहिल्या सकाळी, नाहीतर एप्रिल-मेमध्ये होतं.

लाल म्हणजे डेटा गेला असं अजिबात समजू नका. टूल एवढंच सांगतंय की माझं आणि पेटीचं बोलणं बंद पडलंय. माझ्या बघण्यात जिथं खरंच डेटा गेला तिथं तो मूळ फॉल्टनं क्वचित गेलाय, घाबरून दाबलेल्या बटणानं जास्त वेळा गेलाय. पण काम चालू आहे म्हणून लाल तसंच सोडून द्यायचं हे पण चूक. एका युनिटनं तीन आठवडे सोडलं होतं, मध्ये एक डिस्क मेली, अलर्टचा मेल टूलमधून जायचा आणि टूलला तर पेटीच दिसत नव्हती, मग कळणार कोणाला.

फुकटात होणारी कामं

मोबाईलवर टूलच्या स्क्रीनचा फोटो काढा, शेवटच्या संपर्काची वेळ दिसेल असा. रिफ्रेश झालं की ती वेळ पुसली जाते, आणि खरी चावी तीच आहे, त्या वेळेला लाईट गेली होती का, कोणी रॅकजवळ गेलं होतं का, हे वॉचमनला विचारता येतं. लाईट आत्ताच आली असेल तर पंधरा-वीस मिनिटं कशालाच हात लावू नका. स्विच लगेच उठतो, नॅसला वेळ लागतो, आणि झटक्यात बंद पडला असेल तर तो आधी स्वतःची फाइल सिस्टिम तपासत बसतो. तेवढ्यात कोणीतरी 'हँग झालाय' म्हणून परत बटण दाबून बंद केला की साध्या सर्दीचा न्यूमोनिया होतो.

मग मोजा, किती लाल आहेत. सगळ्या युनिटच्या सगळ्या पेट्या लाल असतील तर पेट्यांकडे जाऊच नका, घोळ हेड ऑफिसच्या सर्व्हरवर आहे. तिथं टूलची सर्व्हिस बंद पडलीय का आणि सी ड्राइव्ह भरलाय का एवढं बघा, लॉग साठून साठून ड्राइव्ह भरला की टूलचा डेटाबेस लिहायचं थांबतो आणि सगळं जग लाल दिसायला लागतं. एकाच युनिटच्या सगळ्या पेट्या लाल असतील तर तिथला इंटरनेट, व्हीपीएन नाहीतर मेन स्विच. फक्त एकच पेटी लाल असेल, नाहीतर हिरवी असून वर सांगितलेला त्रास देत असेल, तरच पुढचं सगळं वाचा. या एका मोजणीनं अर्धं काम कमी होतं, आणि तरी लोक थेट स्क्रू ड्रायव्हर घेऊनच येतात.

आता केबल. हसू नका. टॉवेलच्या युनिटमध्ये रुई कुठं कुठं जाऊन बसते ते इथल्या माणसाला सांगायला नको, पोर्टमध्ये बसते, पंख्यात बसते. आरजे-४५ चं प्लॅस्टिकचं लॉक तुटलेलं असतं, केबल नुसती टेकलेली असते, लूमच्या हादऱ्यानं हळूहळू बाहेर येते. दोन्ही बाजूनं काढून परत लावा, लॉक तुटलं असेल तर पॅच कॉर्ड बदला. दुसरं, स्विचमध्ये त्या पोर्टचा स्पीड बघा. १००० च्या जागी १०० दाखवत असेल तर केबलमधल्या चार जोड्यांपैकी एखादी तुटली असणार, कारण १०० ला दोन जोड्या पुरतात, १००० ला चारही लागतात. अशी केबल फसवी, पिंग (नुसती 'आहेस का' अशी हाक) जातं, पेटी हिरवी पण दिसते, पण मोठं काही ढकललं की दम लागतो. आणि तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर, शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वळसे घालून ओढली असेल तर एकदा मोजून बघाच.

घड्याळ

इथं जरा थांबतो, कारण माझे सगळ्यात जास्त फोन इथंच संपतात.

पेटीच्या पानावर लॉगिन करा आणि तारीख-वेळ बघा. टूल आणि पेटी एकमेकांना सर्टिफिकेट दाखवून बोलतात, आणि सर्टिफिकेटवर अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत चालेल असं लिहिलेलं असतं. पेटीला वाटतंय आत्ता १९७० सालचा जानेवारी चालू आहे, मग तिच्या हिशोबानं टूलचं सर्टिफिकेट अजून जन्मालाच आलेलं नाही, ती दार उघडत नाही. पेटी विंडोज डोमेनला जोडलेली असेल तर अजून कडक, तिथली करबेरॉस नावाची लॉगिनची पद्धत मूळ सेटिंगवर फक्त ५ मिनिटांचा फरक चालवून घेते, सहावं मिनिट झालं की बाहेर.

घड्याळ बिघडतं कशानं? लाईट असेपर्यंत ते सप्लायवर चालतं. लाईट गेली, यूपीएस पण बसला, की आतल्या बोर्डवरचा बटण सेल घड्याळ सांभाळतो, बहुतेक ठिकाणी सीआर-२०३२, ३ व्होल्टचा. तो पाच-सात वर्षांनी दमतो आणि नेमकं लाईट गेल्यावरच त्याचं पितळ उघडं पडतं. नवी पेठेत कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो, चहा-भजीच्या पैशात. मल्टिमीटरवर अडीच व्होल्टच्या आसपास दाखवला तर बदलून टाका, पण पेटी पूर्ण बंद करून, वायर काढून, आणि वॉरंटीचं सील असेल तर स्वतः उघडूच नका.

"पण साहेब, एनटीपी लावलाय की, आपोआप जुळेल." एनटीपी म्हणजे नेटवर्कवरून वेळ जुळवायची सोय, मला पण आधी असंच वाटायचं. गंमत अशी की नेहमीचा एनटीपी प्रोग्राम मूळ सेटिंगवर १००० सेकंदांपेक्षा मोठा फरक बघितला की जुळवायचं सोडून हात वर करतो, त्याला वाटतं काहीतरी मोठा घोळ आहे, माणसानं बघावं. म्हणजे सेल मेलेला, वेळ काही वर्षं मागं, आणि एनटीपी चालू असून बसून राहिलेला. म्हणून आधी हातानं वेळ जवळपास बरोबर लावा, मग एनटीपीला सिंक करायला सांगा. तरी जुळलं नाही तर फायरवॉलमध्ये यूडीपी १२३ पोर्ट उघडा आहे का बघा. मी आता काय करतो, युनिटच्या राउटरलाच एनटीपी सर्व्हर करतो आणि पेट्यांना त्याचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) देतो, नाव देत नाही, म्हणजे नावावरून पत्ता शोधणारा डीएनएस झोपला तरी वेळ मिळते. हे सोयीपुरतं पण नाही, सर्ट-इनच्या (सरकारची सायबर सुरक्षेची संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशात कंपन्यांनी घड्याळं एनआयसी नाहीतर एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवावीत आणि लॉग १८० दिवस ठेवावेत असं सांगितलंय, तर राउटरची वेळ तिथून घ्या.

टाइम झोनचा वेगळाच ताप. पेटी यूटीसीवर, म्हणजे जागतिक वेळेवर, असेल तर आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं दाखवते. एवढ्यानं सर्टिफिकेट बिघडत नाही, आतली वेळ बरोबरच असते. पण कोणीतरी भला माणूस ते बघून झोन न बदलता काटेच पुढं सरकवतो, आणि मग खरंच बिघडतं. शिवाय टेम्प्लेटमध्ये रात्री १ चा स्नॅपशॉट असेल तर यूटीसीवरची पेटी तो सकाळी साडेसहाला घेणार, आणि मग शिफ्ट बदलताना सगळं स्लो का होतं यावर मीटिंगा होणार.

पत्ता आणि पासवर्ड

वेळ बरोबर असेल तर आयपी. लाईट गेल्यावर साधा राउटर कोणाला कुठला पत्ता दिला होता ते विसरतो आणि नव्यानं वाटायला लागतो, टूल मात्र जुन्याच पत्त्यावर जाऊन दार वाजवतंय. पेटीचा आयपी १६९.२५४ नं सुरू होत असेल तर तिला कोणी पत्ताच दिलेला नाही, तिनं स्वतःच घेतलाय. एक छोटी ट्रिक सांगतो, पेटीची नेटवर्क केबल काढा आणि तिच्या पत्त्यावर पिंग मारा. उत्तर आलं तर त्या पत्त्यावर दुसराच कोणीतरी बसलाय. मला आत्तापर्यंत एक डीव्हीआर, एक हजेरीचं मशीन आणि एकदा खुद्द मालकांच्या मुलाचा मोबाईल सापडलाय. उपाय साधा आहे, राउटरमध्ये पेटीचा पत्ता रिझर्व्ह करून टाका.

पासवर्डचं प्रकरण असं. कोणीतरी पेटीवर जाऊन अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदलतो, टूलला सांगत नाही. टूल बिचारं दर थोड्या वेळानं जुना पासवर्ड घेऊन प्रयत्न करत राहतं. पाच-दहा वेळा चुकलं की पेटी म्हणते हा चोर आहे आणि टूलच्या सर्व्हरचा आयपीच ब्लॉक करते. मग तुम्ही येता, टूलमध्ये नवीन पासवर्ड टाकता, आणि तरीही फेल, कारण पासवर्ड बरोबर असला तरी तो माणूसच गेटवर अडवलाय. इथं लोक अर्धा अर्धा दिवस घालवतात. क्रम लक्षात ठेवा: आधी टूलमध्ये पासवर्ड दुरुस्त करा, मग पेटीच्या ब्लॉक यादीतून सर्व्हरचा आयपी काढा, मग त्याला कायमच्या परवानगीच्या यादीत टाका. उलटं केलं तर दोन मिनिटांत परत ब्लॉक. आणि टूलसाठी वेगळा युजर करा, माणसांनी वापरायचा अ‍ॅडमिन त्याला देऊ नका, म्हणजे हे मुळातच होणार नाही.

पिंग जातं पण टूल बोलत नाही

पिंग म्हणजे नुसती हाक. टूलचं खरं बोलणं वेगळ्या पोर्टवर होतं, बहुतेक वेळा ४४३ नाहीतर कंपनीनं ठरवलेला पोर्ट, तो मॅन्युअलमध्ये असतो. फायरवॉल अपडेट झाला की हा पोर्ट गुपचूप बंद होतो. टूलच्या सर्व्हरवरूनच पेटीच्या त्या पोर्टवर टेलनेट (पोर्ट उघडा आहे का ते कळणारी कमांड) मारून बघा, तुमच्या लॅपटॉपवरून बघून काही उपयोग नाही, तुमचा रस्ता वेगळा आहे. पोर्ट उघडा असेल तर ब्राउझरमध्ये पेटीचं पान उघडून सर्टिफिकेटची शेवटची तारीख बघा. पेटीनं स्वतःच बनवलेलं सर्टिफिकेट ठराविक काळानं संपतं, बसवताना कोणीच ती तारीख लिहून ठेवत नाही. नवीन बनवा आणि टूलमध्ये पेटीवर परत विश्वास ठेवायला सांगा. पेटी यादीतून डिलीट करून परत घालायचा मोह होईल, तो आवरा. काही टूल नवीन पेटी आली की डीफॉल्ट ग्रुपचं टेम्प्लेट लगेच ढकलतात, आणि त्या टेम्प्लेटमध्ये तुमचं स्नॅपशॉटचं टाइमटेबल नसतं. पेटी हिरवीगार होते, सगळे खूश, आणि बॅकअप त्या दिवसापासून बंद. करायचंच असेल तर आधी पेटीच्या कॉन्फिगची फाइल एक्स्पोर्ट करून पेन ड्राइव्हवर घ्या.

टेम्प्लेट दर वेळी एकाच जागी फेल होत असेल तर फर्मवेअर, म्हणजे पेटीचं आतलं सॉफ्टवेअर, बघा, नव्या व्हर्जनवर बनवलेल्या टेम्प्लेटमधलं एखादं सेटिंग जुन्या पेटीला समजतच नसेल. अपग्रेड करायचा तर आधी एकच पेटी, बॅकअप घेऊन, यूपीएसवर, आणि साखर कारखाना असेल तर गाळप चालू असताना नाहीच.

रोज सकाळी परत 'जुळत नाही'

हे म्हणजे एका पेटीला दोन मालक. टूलमध्ये एक पेटी दोन ग्रुपमध्ये असते आणि दोन टेम्प्लेटं एकमेकांचं पुसत बसतात, नाहीतर रात्रपाळीचा कोणीतरी स्वतःच्या सोयीनं शेअर बदलतो. पेटीचा ऑडिट लॉग काढा, बदल किती वाजता आणि कुठल्या आयपीवरून झाला ते बघा, तिथं सगळं लिहिलेलं असतं.

एका टॉवेलच्या युनिटमध्ये गड्ड्याच्या (सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या) सुट्टीनंतर हे सुरू झालं. रोज पहाटे ३ वाजता बदल, आयपी असा की जो आमच्या कुठल्याच यादीत नाही. चार दिवस मी रात्रपाळीवाल्यावर संशय घेतला, त्याला बोललो पण, नंतर माफी मागावी लागली. पाचव्या दिवशी स्विचवर त्या आयपीचा पोर्ट शोधला आणि केबलच्या मागं मागं चालत गेलो तर निघालो स्टोअर रूममध्ये. तिथं सुताच्या कोनांच्या पोत्यामागं जुना पीसी, ज्याच्यावर पूर्वी टूल होतं. नवीन सर्व्हरवर टूल हलवून वर्ष झालं होतं. स्टोअरवाला म्हणतो, "आण्णा, तो तर बंदच आहे की." मी म्हटलं, "मग पंखा कशाचा फिरतोय बे?" सुट्टीत कोणीतरी साफसफाई करताना त्याची पिन बोर्डात परत लावली होती, आणि तो इमानदारीनं रोज पहाटे वर्षापूर्वीचं टेम्प्लेट ढकलत होता. टूल हलवलं की जुन्या मशीनवरची सर्व्हिस काढून टाका, नुसतं बंद करून कोपऱ्यात ठेवू नका.

डिस्क आणि ऊन

इथपर्यंत काही सापडलं नाही तर पेटी खरंच आजारी असू शकते. डिस्क वाचताना अडखळायला लागली की सगळी पेटी स्लो होते, टूलला वेळेत उत्तर मिळत नाही आणि ते लाल होतं, थोड्या वेळानं हिरवं, परत लाल. स्मार्टचा, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते तो, रिपोर्ट काढा. ५ नंबर म्हणजे बदललेले सेक्टर, १९७ म्हणजे अडकलेले सेक्टर, हे आकडे आठवड्या-आठवड्याला वाढत असतील तर डिस्क जायच्या वाटेवर आहे. १९९ वाढत असेल तर डिस्कपेक्षा तिच्या आतल्या केबलवर नाहीतर कनेक्टरवर आधी संशय घ्या.

तापमान पण बघा. साध्या हार्ड डिस्कची मर्यादा बहुतेक ६० अंशांची. सोलापुरात मेमध्ये बाहेरच ४३-४४ असतं, केबिनचा एसी रात्री मालक बंद करून जातात, पंख्याच्या जाळीवर रुईची गोधडी, मग आतलं काय होणार. जाळी पेटी बंद करून ब्रशनं साफ करा, कॉम्प्रेसरची हवा मारू नका, त्यात पाणी आणि तेल येतं.

इथं थांबा आणि फोन करा

रेड म्हणजे अनेक डिस्क मिळून डेटा सांभाळायची पद्धत, लाल रंगाशी संबंध नाही; रेड-५ मध्ये एक डिस्क गेली असेल तर पेटी चालते, पण दुसरी गेली की सगळं गेलं, रेड-६ दोन सहन करतं. त्यामुळे 'डिग्रेडेड' दिसलं की टूलमधून काहीही ढकलणं बंद, आधी बॅकअप ताजा आहे का बघा, मग डिस्क बदला, आणि रिबिल्ड (नव्या डिस्कवर डेटा परत भरणं) चालू असताना रिस्टार्ट नाही. कुठली डिस्क काढायची याची पक्की खात्री नसेल तर काढूच नका, चांगली डिस्क ओढून काढलेले लोक मी बघितलेत. दोन डिस्क एकदम लाल, टकटक आवाज, जळका वास, किंवा स्क्रीनवर 'इनिशियलाइज करू का', 'फॉरमॅट करू का' असं विचारलं तर उत्तर नाही, पेटी बंद करा, डिस्कवर मार्करनं जागेचे नंबर टाका आणि डेटा रिकव्हरीवाल्याला गाठा.

फाइलींची नावं भलतीच झाली असतील, फोल्डरमध्ये पैसे मागणारी चिठ्ठी असेल, तर नेटवर्क केबल काढा, पेटी चालूच राहू द्या आणि जाणकार माणूस बोलवा. असा हल्ला कळल्यापासून ६ तासांत सर्ट-इनला कळवायचं बंधन त्याच २०२२ च्या निर्देशात आहे, त्यामुळे 'उद्या बघू' चालत नाही. आणि पेटी बॉयलर नाहीतर टर्बाइनच्या कंट्रोल नेटवर्कवर असेल तर आयटीवाल्यानं एकट्यानं हातच लावायचा नाही, इन्स्ट्रुमेंटेशनचा इंजिनिअर शेजारी उभा पाहिजे, कारण तिथं चुकीचा एक पत्ता दिला तर ऑपरेटरचा स्क्रीन आंधळा होऊ शकतो.

फोन करताना हातात एवढं ठेवा: पेटीचा सीरियल नंबर, फर्मवेअरचं व्हर्जन, सुरुवातीला काढलेला तो फोटो, एक्स्पोर्ट केलेली कॉन्फिग आणि लॉग. आणि आत्तापर्यंत कोणी काय काय दाबलं ते खरं खरं सांगा, रिसेट मारला असेल तर तो पण सांगा, मालक शेजारी उभे असतील तर बाहेर येऊन सांगा, मी समजून घेतो.